शेजारी आहे, पण रस्ता नाही!

"मॅडम, नेबर फुल दाखवतंय, पण पिंग जातच नाही!" नेटवर्किंगच्या लॅबमध्ये हे वाक्य दर बॅचला एकदा तरी ऐकू येतं. मग कुणीतरी राउटर बंद करून चालू करतं. लॅबमध्ये ते खपून जातं, पण उद्या नोकरीत असं केलं तर जे चालू होतं तेही बंद पडेल आणि मूळ दोष तिथेच राहील. म्हणून ओएसपीएफमध्ये एका एरियाचा रूट दुसऱ्या एरियात पोचत नसेल तर कुठून शोधायला लागायचं, ते या लेखात बघू. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे 'एरिया'ला 'क्षेत्र' वगैरे म्हणणार नाही. लॅबमध्ये बोलतो तसंच लिहिते.

आधी थोडी थिअरी. आपण शिकतो ती ओएसपीएफची दुसरी आवृत्ती १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये आहे, लेखक जॉन मॉय. एका एरियाच्या आत प्रत्येक राउटरकडे पूर्ण नकाशा असतो (टाइप १ आणि टाइप २ एलएसए). दुसऱ्या एरियाबद्दल मात्र नकाशा नसतो, फक्त पाटी असते: 'अमुक नेटवर्क, इतकी कॉस्ट'. ही पाटी म्हणजे टाइप ३ समरी एलएसए, आणि ती लावतो एबीआर, म्हणजे दोन एरियांच्या सीमेवरचा राउटर. आता पाट्या वाचून जो तो नव्या पाट्या लावायला लागला, तर पॅकेट गोल गोल फिरेल! म्हणून नियम असा, की एरियांमधली सगळी देवाणघेवाण एरिया ० मधूनच व्हायची. आपले निम्मे प्रॉब्लेम या एका नियमातून येतात.

उदाहरण घेऊ. चार राउटर एका ओळीत: पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. पुणे-सातारा एरिया ०, सातारा-कऱ्हाड एरिया १ आणि कऱ्हाड-कोल्हापूर एरिया २. कोल्हापूरच्या मागे १०.२.४.०/२४ हे नेटवर्क आहे. सगळे राउटर सिस्कोचे. पुण्याला हे नेटवर्क दिसत नाही. का?

१) शेजारी तपासा. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' देऊन प्रत्येक जोडी फुल आहे का बघा. शेजारीच दिसत नसेल तर एरिया नंबर, सबनेट मास्क, हॅलो-डेड टायमर (इथरनेटवर १० आणि ४० सेकंद), पासवर्ड आणि स्टब सेटिंग दोन्हीकडे सारखं हवं. गाडी एक्सस्टार्टवर अडकली असेल तर बहुतेक वेळा एमटीयू जुळत नसतो.

२) घरातच बघा. कऱ्हाडच्या रूटिंग टेबलमध्ये १०.२.४.० समोर 'ओ' दिसतं का? नसेल तर दोष एरिया २ च्या आतच आहे. बहुधा कोल्हापूरला नेटवर्क कमांडमध्ये ते नेटवर्क घ्यायचं राहिलंय.

३) एबीआर खरंच एबीआर आहे का? आपल्या उदाहरणातली खरी गोम इथे आहे. कऱ्हाड दोन एरियांत आहे, पण एरिया ० ला चिकटलेलाच नाही! सिस्कोचा राउटर अशा वेळी स्वतःला एबीआर मानत नाही आणि पाटी लावत नाही. गंमत म्हणजे कऱ्हाडवरून दोन्ही बाजूंना पिंग जातो, पण पुणे आणि कोल्हापूर एकमेकांना ओळखत नाहीत. हे लक्षण दिसलं की एरिया ० चा संशय घ्यायचाच.

उपाय म्हणजे एरिया १ मधून सातारा-कऱ्हाड व्हर्च्युअल लिंक. कमांडमध्ये समोरच्याचा राउटर आयडी द्यायचा, इंटरफेसचा आयपी नाही. एरिया १ स्टब असून चालत नाही. शिवाय एरिया ० ला पासवर्ड लावला असेल तर तो या लिंकलाही लागतो, कारण कऱ्हाड आता एरिया ० चा मेंबर झाला. अर्थात ही तात्पुरती मलमपट्टी आहे; शक्य असेल तर एरियांची आखणीच सुधारावी.

४) पाटी आली की नाही? एवढं करूनही रूट नसेल तर पुण्याला 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस समरी' द्या. इथे दोन वाटा फुटतात. डेटाबेसमध्ये एलएसए आहे पण टेबलमध्ये रूट नाही: मग पुण्यावरच डिस्ट्रिब्यूट-लिस्ट असेल, किंवा त्याच नेटवर्कचा स्टॅटिक रूट जिंकत असेल (स्टॅटिकचं डिस्टन्स १, ओएसपीएफचं ११०). डेटाबेसमध्येच नाही: मग एबीआरवर फिल्टर-लिस्ट किंवा 'नॉट-ॲडव्हर्टाइज' शोधा.

५) दिसत नाही म्हणजे हरवलं असं नाही. एबीआरवर एरिया रेंज दिली असेल तर १०.२.४.०/२४ ऐवजी १०.२.०.०/१६ दिसेल. टोटली स्टबी एरियात तर फक्त डिफॉल्ट रूट येतो. दोन्हीकडे पिंग व्यवस्थित जातो, उगाच दुरुस्त करायला जाऊ नका!

थोडक्यात क्रम असा: शेजारी, घर, सीमा, पाटी, टेबल. जिथे माहिती शेवटची दिसते त्याच्या पुढच्याच पायरीवर दोष असतो. हीच चार राउटरची ओळ पॅकेट ट्रेसरमध्ये उभी करा, व्हर्च्युअल लिंक एकदा लावा, एकदा काढा आणि दर वेळी पुण्याच्या टेबलमध्ये 'ओ आयए' येतं-जातं ते बघा. व्हायव्हाला 'एरिया ० का लागतो' हा प्रश्न आला, तर पाठ केलेली व्याख्या आठवत बसावं लागणार नाही.