मोडकी गाडी घेताना

पोरा, तुझ्या टाटा २०७ ला पार्टांसाठी दुसरी मोडकी गाडी घ्यायची म्हणतोस, घे. पण बघायला जायच्या आधी आपल्या गाडीला काय काय लागणार ते कागदावर उतरव. हेड, क्राऊन, गिअरबॉक्स, जे असेल ते. यादी खिशात नसली की माणूस समोरच्या गाडीचे टायर बघून भुलतो आणि ज्यासाठी गेला तेच विसरतो.

झिजून थांबलेली गाडी घेऊ नकोस, ठोकून थांबलेली घे. झिजलेल्या गाडीत एकटं इंजिन म्हातारं नसतं, गिअर-क्राऊनही त्याच वयाचे असतात. समोरून ठोकलेली मात्र कालपरवापर्यंत धंद्यात होती. रेडिएटर, फॅन गेला समज. गिअरबॉक्सपासून मागचं बहुतेक धड मिळतं. वर्षभर पावसात उभी असेल तर तिचा डिझेल पंप हिशेबातच धरू नकोस. आत पाणी शिरून जाम झालेला असतो.

चालू गाडी म्हणून कुणी दाखवत असेल तर सकाळी न सांगता जा. बॉनेट उघडून आधी इंजिनला हात लाव. कोमट लागलं तर मालकानं तुझ्या आधी उठून गाडी चालू करून गरम केलीय. गार इंजिन थोडा पांढरा धूर टाकतंच. गरम झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढ आणि तिथंच उलटं ठेव. जरा थरथरलं तर चालतंय, उडून पडलं तर रिंगा-लायनर गेले. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलात पाणी आहे. हेडसाठी आला असलास तर तिथूनच परत फिर.

तिलारी घाटाखालची, गोव्याकडची गाडी स्वस्त लागते. का, ते हौद्याखाली वाकून बघ. खाऱ्या हवेनं चासी आतून खाल्लेली असते. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायला लाजू नकोस.

क्राऊन-पिनियन जोडीनंच घ्यायचं, आणि दात मोजून. २०७ डीआय आणि ४०७, दोन्हींत ४९७ घराण्यातली २९५६ सीसी इंजिनं आली, म्हणून लोक ‘बसतंय की’ म्हणतात. मॉडेलनुसार पंप, टर्बो वेगळे असतात. पार्ट नंबर जुळव, मगच मान हलव.

कागदाला कंटाळू नकोस. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. नंबराभोवती घासल्याची खूण दिसली तर चहासुद्धा न पिता ऊठ. बँकेचा बोजा असला तर फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. बेळगावची, केए-२२ ची असली तर फॉर्म २८ ची एनओसी. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. म्हणून कटर लावायच्या आधी नोंदणी रद्द करून घे. २०२१ पासून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांचे नियमही आलेत, तेही तिथंच विचार. आणि त्या गाडीचं अख्खं इंजिन आपल्यात बसवणार असलास तर परवानगी आधी, बोल्ट मागनं.

दर ठरवताना भंगारवाला किलोवर काय देईल ते अगोदर काढ. त्याच्या वर जे देशील ते तुझ्या यादीतल्या पार्टांचं, रंगाचं नव्हे. क्रेनचं भाडं त्यातच धर. इसार देताना टायर, बॅटरी, जॅक, स्टेपनी चिठ्ठीवर लिहून सही घे आणि मोबाईलवर फोटो काढ. व्यवहार ठरल्यावर रात्रीत टायर बदलणारी माणसं आपल्याच भागात आहेत.