मातींतील एका बुरशीची देणगी

बुरशी म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर शिळी भाकरी, कुबट वास व नासलेलें अन्न हींच उभीं राहतात. पेनिसिलिनमुळें तिच्या एका कुळाला प्रतिष्ठा लाभली खरी. तथापि जिचें नांवही फारसें कोणाच्या कानीं नाहीं, अशा एका तंतुमय बुरशीची हकीकत येथें सांगावयाची आहे.

सन १९६९ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझल येथील सँडोझ या औषधी कंपनीचा एक नोकर सुटींत नॉर्वेस गेला असतां त्यानें हार्डांगरविडा नांवाच्या उजाड पठारावरील थोडी माती आणली. तींत टॉलिपोक्लेडियम इन्फ्लेटम ही बुरशी आढळली. तिच्यापासून मिळालेलें सायक्लोस्पोरिन हें द्रव्य इतर बुरशींचा नाश करण्याच्या कामीं विशेष उपयोगी ठरलें नाहीं. तें तेथेंच टाकून दिलें जातें, तर पुढील इतिहास घडताच ना. परंतु १९७२ सालीं उंदरांवर परीक्षा होतां असें दिसून आलें कीं, हें द्रव्य शरीराची प्रतिकारशक्ति मंद करतें, व तरीही अस्थिमज्जेंतील रक्तपेशींच्या उत्पत्तीस फारसा अपाय करीत नाहीं.

प्रतिकारशक्ति मंद करण्यांत लाभ तो कोणता? रक्तांतील पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी होत. रोग्याच्या देहांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविल्यास ते त्याला शत्रु समजून त्यावर तुटून पडतात. सायक्लोस्पोरिन म्हणजे अकरा अमिनो आम्लांचें एक कडें. तें टी-पेशींतील कॅल्सिन्यूरिन या विकराचें कार्य रोखतें. त्यामुळें हल्ल्याची हांकच उठत नाहीं. १९७८ सालीं केंब्रिज येथें शल्यवैद्य रॉय कॅल्न यांनीं मूत्रपिंडाच्या रोग्यांवर त्याचा उपयोग केला, आणि १९८३ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

तथापि हें औषध दुधारी आहे. मात्रा अधिक झाल्यास ज्या मूत्रपिंडाचें रक्षण करावयाचें, त्यालाच तें इजा करतें. शिवाय पहारा सैल झाल्यानें इतर रोगजंतूंस वाट मिळते. म्हणून रक्तांतील त्याचें प्रमाण वारंवार मोजावें लागतें.

पुढें १९९६ सालीं असें उघडकीस आलें कीं, हीच बुरशी आपल्या दुसऱ्या अवस्थेंत भुंगेऱ्याच्या अळीवर वाढते. मातींतील अळीवर जगणारा हा क्षुद्र जीव सहस्रावधि रोग्यांच्या उपयोगीं पडला. एका कसोटीस न उतरलेली वस्तु निरुपयोगीच असते असें नाहीं. कित्येकदां तिच्या योग्य अशी कसोटीच अद्याप लावलेली नसते.