पिवळा दाणा

बोईसरला एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो होतो. सातवी फेरी संपून सुगी लागली होती. मी माझ्या दोन शेतांवरचे सहाच्या सहा पिवळे दाणे उचलून पुढ्यात ओढले. समोर बसलेल्याने हळू आवाजात विचारलं, "दादा, सगळे का घेतलेत? एका शेतातून एकच येतो ना?"

तो बरीच वर्षं बंगळूरला नोकरीला होता आणि हा खेळ तिथे शिकला होता. मी म्हटलं, "नाही, व्हिडिओत बघितलंय मी." त्याने वाद घातला नाही. खोक्यातली नियमपुस्तिका काढली, सुगीचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून पुस्तिका माझ्याकडे फिरवली. प्रत्येक पेरलेल्या शेतातून एक दाणा. एकच. बाकीचे तिथेच राहतात, पुढच्या सुगीसाठी.

रात्री मनोरला परतताना चिल्हार फाटा येईपर्यंत मी मनात एकच हिशेब करत होतो. हा खेळ मी आतापर्यंत किती जणांना शिकवला? पालघरचं एक घर, मनोरमधली दोन, विरारची बहीण. पालघरवाल्यांनी तर माझ्या सांगण्यावरून स्वतःचा खोका विकत घेऊन तो आपल्या पाहुण्यांनाही शिकवला होता. म्हणजे माझी चूक माझ्या घरापुरती राहिली नव्हती. म्हणून हे लिहितोय. कुणी असाच मोठा खेळ मोबाइलवर बघून शिकायला बसला असेल, त्याच्या उपयोगी पडेल.

खेळाचं नाव 'अ‍ॅग्रिकोला'. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शेतकरी. उवे रोझेनबर्ग या जर्मन माणसाने तो रचला आणि २००७ मध्ये तो बाजारात आला. २००८ मध्ये जर्मनीतल्या 'श्पील देस यारेस' पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याला अवघड खेळ म्हणून खास पुरस्कार दिला. सापशिडी किंवा ल्युडोसारखा फासा टाकून पुढे सरकायचा हा प्रकार नाही. साल १६७० च्या आसपासचा मध्य युरोप, प्लेग नुकताच ओसरलेला. प्रत्येकाला लाकडी घराच्या दोन खोल्या, नवरा-बायको आणि मोकळी जमीन मिळते. आपला एक माणूस पटावरच्या एका कामावर ठेवायचा आणि ते काम आपलं करून घ्यायचं: लाकूड आण, माती आण, नांगरणी कर, पेर, कुंपण घाल. एका कामावर एका फेरीत एकच माणूस. तुम्ही लाकडाला हात घालण्याआधी शेजाऱ्याने माणूस ठेवला, की त्या फेरीपुरतं ते काम तुमच्यासाठी बंद. अशा चौदा फेऱ्या. चौथ्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर सुगी येते, आणि सुगीला घरातल्या प्रत्येक माणसाला दोन अन्न द्यावं लागतं. जेवढं कमी पडेल तेवढे भिकेचे पत्ते घ्यायचे. एका पत्त्याला शेवटी तीन गुण वजा.

सुग्यांमधलं अंतर नीट बघा. पहिल्या सुगीला चार फेऱ्या मिळतात, मग तीन, मग दोन-दोन, आणि शेवटी एकच. माणसं वाढत जातात आणि वेळ आकसत जातो. खेळ सगळा इथे आहे. आणि आमच्या घरात नेमका हाच भाग महिनाभर गायब होता.

शिकलो कसा, ते सांगतो. भाच्याने हा खोका दिला, तो पावसाळ्याचा आरंभ होता. पुस्तिका इंग्रजीत आणि अक्षर बारीक. मुलगी म्हणाली, "बाबा, यूट्यूबवर सगळं मिळतं." तारापूर एमआयडीसीत माझी पाळी असते. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून मी व्हिडिओ बघू लागलो. वेग दीडपट. जिथे कंटाळा येईल तिथे बोटाने पुढे सरकवायचं. चार दिवसांत तीन वेगवेगळे व्हिडिओ संपवले आणि खेळ आला असं वाटलं. तसं वाटणं खोटं नव्हतं, कारण दुसरा माणूस सोंगट्या हलवत असताना प्रत्येक चाल पटत होती. पण खोका मनोरच्या घरी होता आणि व्हिडिओ बसमध्ये. माझ्या हाताने एकही सोंगटी हलवली नव्हती.

पहिल्या रविवारी लाइट गेलेली. बाहेर धो धो पाऊस, आणि बॅटरीच्या उजेडात आम्ही पट मांडला. पेरणी मी बरोबर सांगितली: हातातला एक दाणा शेतावर ठेवायचा, त्यावर साठ्यातले दोन, झाले तीन. मग सुगी आली. पुस्तिका उघडायची गरजच वाटली नाही. बाबा बाजूला बसले होते. आयुष्यभर भातशेती केलेला माणूस. ते म्हणाले, "कापणी म्हंजे काय, सगळं कापायचं. उभं पीक कोन ठेवतो?" ते आम्हा सगळ्यांना इतकं पटलं की प्रश्न तिथेच मिटला. आपल्याकडे खाचरातलं भात पिकलं की अख्खं खाचर कापून घेतात, मग त्याच ओलीवर वाल टाकतात. त्या खेळात मात्र तीन दाण्यांचं शेत तीन सुग्या पुरवायचं असतं. आम्हाला शेती माहीत होती, म्हणूनच आम्ही चुकलो. आपल्याला आधीपासून माहीत असलेली गोष्ट नियमाची रिकामी जागा भरून काढते आणि भरलेली जागा रिकामी होती हे लक्षातही येत नाही. हे मला या खेळाने शिकवलं, आणि शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो.

दुसरी चूक मेंढ्यांची. सुगीचा क्रम असा: आधी शेतातलं पीक, मग घरच्यांचं खाणं, आणि सगळ्यात शेवटी जनावरांची वीण. आम्ही वीण आधी घेत होतो. त्यामुळे नुकतंच झालेलं पिल्लू त्याच सुगीत चुलीवर जायचं. शिवाय प्रत्येक जोडीला एक पिल्लू देत होतो. खरा नियम असा, की एका जातीची दोन असोत की दहा, पिल्लू एकच, आणि तेही त्याला ठेवायला जागा असेल तर.

या दोन चुकांमुळे काय झालं ते बघा. तीन पेरलेली शेतं म्हणजे आमच्याकडे एका सुगीत नऊ दाणे, खरे हवेत तीन. त्यात मातीची भट्टी बांधलेली असली की एका दाण्याच्या भाकरीचं पाच अन्न होतं. मग उपाशी कोण राहणार? महिनाभरात आमच्या घरी भिकेचा पत्ता एकदाही निघाला नाही. मुलीने एकदा विचारलंही होतं, "हे पत्ते कशाला दिलेत मग?" मी म्हटलं, "जो अगदीच वाईट खेळेल त्याला." तिचा प्रश्न बरोबर होता, आणि मी तिथेच पुस्तिका उघडायला हवी होती.

एवढं लक्षात ठेवा. खोक्यातली एखादी वस्तू चार-पाच डावांत एकदाही वापरात आली नाही, तर तुमचा कुठलातरी नियम चुकतोय. बनवणाऱ्याने ती वस्तू उगाच घातलेली नसते.

तिसरी अडचण आवृत्तीची. २००७ चा मूळ खेळ पाच जणांपर्यंतचा, त्यात जनावरांसाठी साधे लाकडी ठोकळे होते. २०१६ ची सुधारित आवृत्ती चौघांपर्यंतची, मेंढ्या मेंढ्यांच्याच आकाराच्या, पत्त्यांचे संचही वेगळे. मी पाहिलेल्या तीन व्हिडिओंपैकी एक जुन्या खेळाचा होता, हे मला खूप उशिरा उमगलं. एका व्हिडिओतलं अर्धं आणि दुसऱ्यातलं अर्धं डोक्यात जोडून मी असा एक खेळ तयार केला होता जो कुठल्याच खोक्यात नव्हता. व्हिडिओ सुरू करायच्या आधी खोक्यावरचं चित्र आणि व्हिडिओतला पट शेजारी ठेवून जुळतात का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता मी कसा शिकवतो ते सांगतो. व्हिडिओ सोडू नका. पट मांडायचा कसा, माणूस ठेवायचा म्हणजे काय, कुंपणं कशी जोडायची, हे डोळ्याने बघून पटकन कळतं, वाचून कळायला वेळ लागतो. पण सोंगट्या समोर मांडून बघा. व्हिडिओतल्या माणसाने चाल केली की तो थांबवा, तीच चाल तुमच्या पटावर करा, मग पुढे. वेग साधाच ठेवा. एक चाल झाली की दुसऱ्याची पाळी, असं एकेक माणूस ठेवत जायचं असतं. सगळी माणसं एकदम ठेवायची नाहीत. बघताना हे सगळ्यांना कळतं आणि खेळताना निम्मे लोक विसरतात.

सुगीचं पान मात्र पुस्तिकेतूनच वाचा, मोठ्याने, घरातल्या एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने सोंगट्या हलवायच्या. इंग्रजी जड जात असेल तर प्रत्येक ओळीचं मराठी एका कागदावर लिहून काढा. आम्ही आता तसा कागद केलाय. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी आहेत: शेत, ताट, गोठा. याच क्रमाने. नवं बाळ ज्या फेरीत जन्मलं त्याच फेरीनंतर सुगी असेल तर त्याला एकच अन्न लागतं, हेही खाली लिहिलंय. पहिल्या कागदावर ते राहून गेलं होतं.

दुसऱ्याला शिकवायच्या आधी एक डाव एकट्याने खेळा. एकट्याच्या डावाचा नियम कडक आहे. सुरुवातीला अन्न शून्य, आणि प्रत्येक मोठ्या माणसाला सुगीला दोनऐवजी तीन अन्न लागतं. चौघांच्या गप्पांमध्ये चूक लपते, एकट्याच्या डावात लपत नाही. उपास पडला की माणूस आपोआप पुस्तिका उघडतो. आणि पहिल्या दोन-तीन डावांत हातातले पत्ते, व्यवसायाचे आणि छोट्या सुधारणांचे, बाजूला ठेवा. त्यांच्याशिवायही पूर्ण डाव होतो.

ज्यांना चुकीचं शिकवलं होतं, त्यांना मी एकेक करून फोन केले. पालघरवाले हसले आणि म्हणाले, तरीच खेळ सोपा वाटत होता. बहीण मात्र नाराज झाली, कारण तिच्या मुलाने शाळेतल्या मित्रांना तसंच शिकवलं होतं. तिची नाराजी मला मान्य आहे. मी मुद्दाम विरारला गेलो आणि त्या पोरांसोबत एक डाव पूर्ण खेळलो.

मग घरी खऱ्या नियमांनी बसलो तेव्हा बाबाही खेळायला आले. पहिल्याच सुगीत आम्हा तिघांपैकी दोघांना अन्न कमी पडलं. मुलीला भिकेचा पत्ता आला. तिने तो उलटापालटा करून बघितला आणि गप्प बसली. बाबा म्हणाले, "आत्ता खेळ बरोबर झाला." मग ते खावटीबद्दल बोलू लागले. त्यांच्या लहानपणी आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायचा. आवणी चालू, अंगमेहनत सगळ्यात जास्त, आणि घरात धान्य सगळ्यात कमी. मग सावकाराकडून खावटीचं भात उचलायचं आणि पीक आलं की खळ्यावरूनच ते दीडपट मोजून द्यायचं. पुढे १९७८ मध्ये सरकारने आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली, ती याच महिन्यांसाठी. बाबांना नियम समजावून सांगावा लागला नाही. पेरलेलं आहे पण हातात आलेलं नाही, आणि खाणारी तोंडं थांबत नाहीत, हे त्यांना पटावर बघताक्षणी कळलं.

नवव्या फेरीनंतरच्या सुगीला त्यांच्या घरात तीन माणसं होती. लागत होतं सहा अन्न, होतं चार. शेतं रिकामी. हातात एक दाणा आणि कुंपणात दोन मेंढ्या. दाणा तसाच खाल्ला तर एक अन्न, तरी एक कमीच. चुलीवर एक मेंढी घातली तर दोन अन्न, पुरेपूर भागतं, पण मग जोडी मोडते आणि पिल्लू मिळत नाही. मुलगी म्हणाली, "आजोबा, दाणा खा आणि एक भिकेचा पत्ता घ्या. मेंढ्या राहू द्या, त्या वाढतील."

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग एक मेंढी उचलून साठ्यात ठेवली.

"आजोबा, आता पिल्लू नाही मिळणार."

"बी हाय ना," ते म्हणाले.

दहाव्या फेरीची पहिली चाल त्यांची होती. त्यांनी माणूस पेरणीवर ठेवला, नांगरलेल्या शेतावर तो पिवळा दाणा ठेवला आणि वर साठ्यातले दोन, एकावर एक, नीट बसवून ठेवले.