चौसष्ट केबीच्या चिपला कंटेनर कशाला?

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात एसटीएम३२ चिपवर चालणारे पंपाचे कंट्रोलर बनतात. प्रोग्राम लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर फर्मवेअर बिनबोभाट तयार होते, पण नव्या लॅपटॉपवर तोच कोड कंपाइल केला की फ्लॅश मेमरीत मावत नाही अशी एरर येते. एक ओळखीचे म्हणाले, डॉकर कंटेनर वापरा. पण आमच्या चिपमध्ये जागाच ६४ केबी! तिथे कंटेनर बसणार कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसणार नाही आणि बसवायचाही नाही. कंटेनर लॅपटॉपवरच राहतो, चिपमध्ये जाते ती फक्त शेवटी तयार झालेली बिन फाइल. डॉकर २०१३ साली आले ते मुख्यतः सर्व्हरवाल्यांसाठी. फर्मवेअरवाल्यांनी ते उचलले ते तुमच्यासारख्याच अडचणीपायी.

कोड तोच असला तरी तो कंपाइल करणारी हत्यारे तीच नाहीत. तुमच्या चिपसाठीचा मशीन कोड लॅपटॉपवरचा क्रॉस-कंपायलर बनवतो. त्या कोडचा आकार कंपायलरची आवृत्ती, सोबतची सी लायब्ररी आणि कंपाइल करतानाचे पर्याय हे तिघे मिळून ठरवतात. माझा पहिला संशय लायब्ररीवर आहे. आर्मच्या जीसीसी कंपायलरसोबत न्यूलिब ही सी लायब्ररी येते आणि तिची न्यूलिब-नॅनो नावाची आटोपशीर आवृत्तीही येते. नॅनोचा पर्याय द्यायचा राहिला, की साध्या प्रिंटएफपायी बरीच केबी खर्ची पडतात. त्या मुलाने तो पर्याय आयडीईच्या सेटिंगमध्ये कुठेतरी टिक करून ठेवला असेल, तर कोडच्या फोल्डरमध्ये त्याचा मागमूसही सापडणार नाही. आणि तो केइल नावाची आयडीई वापरत असेल, तर कंपायलरच वेगळा. म्हणून आधी ते तपासा.

एरर आली हे एका परीने बरेच झाले. खरा धोका असतो तो काही न बोलता कंपाइल होणाऱ्या कोडचा. इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला व्होलाटाइल लावायचे राहिले असेल, तर जुन्या कंपायलरवर वर्षानुवर्षे चाललेला पंप नव्या कंपायलरच्या ऑप्टिमायझेशननंतर बंदच होणार नाही. चूक कोडचीच, पण निस्तरावी लागते पंप वापरणाऱ्या शेतकऱ्याला.

कंटेनरचा उपयोग इथे होतो. डॉकरफाइल नावाच्या छोट्या फाइलीत लिहायचे : डेबियनची अमुक आवृत्ती, आर्मच्या टूलचेनची अमुक आवृत्ती, सीमेक, निंजा. त्यावरून इमेज बनते आणि इमेजमधून कंटेनर सुरू होतो. कोड बाहेरच्या फोल्डरमध्येच ठेवायचा आणि कंटेनर सुरू करताना तो फोल्डर आत जोडायचा. लिनक्सवर काम करत असाल तर कंटेनर आपल्याच युजर आयडीने चालवा, नाहीतर तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुसतानासुद्धा सुडो लागते.

मात्र नेमक्या आवृत्तीऐवजी 'लेटेस्ट' या टॅगवर कधीही विसंबू नका. नुसती डॉकरफाइल जपूनही भागत नाही. लोणच्याची कृती वहीत असली म्हणून पुढच्या वर्षी तीच चव येत नाही, कैऱ्या वेगळ्या असतात. तसेच दोन वर्षांनी इमेज पुन्हा बांधली की इंटरनेटवरून उतरणारी पॅकेजेस बदललेली असू शकतात. म्हणून ज्या इमेजमधून माल बाजारात गेला ती 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने फाइलीत काढून बॅकअपमध्ये ठेवा. एकाच कोडपासून दोनदा बनवलेल्या बिन फाइली तंतोतंत जुळतात का, हेही पाहा. जुळल्या नाहीत तर कोडमध्ये तारीख-वेळ छापणारा मॅक्रो आहे का ते शोधा. बहुतेक वेळा तोच निघतो.

आता यूएसबी. लोकांचा उत्साह इथेच मावळतो. विंडोजवर डॉकरचे कंटेनर व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सवर चालतात. चिपमध्ये प्रोग्राम टाकण्यासाठी तुम्ही यूएसबीला जोडलेला एसटी-लिंक विंडोजला दिसतो, कंटेनरला नाही. यूएसबीआयपीडी वापरून तो डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समध्ये, नेता येतो. लिनक्सवर तर डिव्हाइस थेट कंटेनरला देता येते, पण केबल काढून पुन्हा लावली की डिव्हाइसचा क्रमांक बदलतो आणि कंटेनर जुन्याच क्रमांकावर बसून राहतो. माझे मत विचाराल तर या फंदात पडू नका. कंपाइल आत, फ्लॅश बाहेर. बिन फाइल लॅपटॉपवरच्या क्यूबप्रोग्रामरने चिपमध्ये टाका. डीबगिंग करायचे असेल तर ओपनओसीडी लॅपटॉपवर चालवा आणि कंटेनरमधला जीडीबी ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवरून त्याला जोडा.

पण हे सगळे नंतर. कंटेनर जुने वातावरण टिकवून ठेवतो, हरवलेले शोधून देत नाही. त्यामुळे जुना लॅपटॉप कोणी फॉरमॅट करायच्या आत त्यावरच्या कंपायलरची आवृत्ती, बिल्डच्या वेळी पडद्यावर येणारी पूर्ण आज्ञा आणि लिंकर स्क्रिप्ट आजच उतरवून घ्या.