बंद पडलेल्या संगणकांतील कागद कसे काढावे

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यांत, म्हणजे निर्मळ, वाघोली, गास, भुईगांव या बाजूस, बावखलाचें महत्त्व बागायतदारांस सांगावयास नको. पावसाचें गोडें पाणी वाडींत सांठवून ठेवणारा हा खड्डा; त्यावर केळी, पानवेल, भाजी व फुलझाडें यांचा उन्हाळा निभतो. पाण्याच्या पाळ्या मात्र बहुधा भाऊबंदांत तोंडी, किंवा फार तर साध्या कागदावर ठरलेल्या असतात. अशाच एका कागदाची हकीकत येथें सांगावयाची आहे, व तिच्या ओघांत, सुरू न होणाऱ्या संगणकांतून आपले कागद कसे सोडवावे याचा पाठही द्यावयाचा आहे.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या घरीं मागल्या पिढींत पाळ्यांचा करार झाला होता. चार भावांच्या सह्या व एका म्हाताऱ्या आत्याबाईंचा अंगठा त्यावर होता. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारांत जो पाऊस झाला, ज्यांत नालासोपाऱ्याचा लोहमार्ग पाण्याखालीं गेला व मिठागरांतील वस्तीस पाण्यानें वेढलें, त्या पावसांत त्यांच्या पेटींतील तो कागद भिजून त्याचा लगदा झाला. सुदैवानें मुलानें कांहीं वर्षांपूर्वीं त्याचें चित्र स्कॅन करून घरच्या संगणकांत ठेविलें होतें. त्यामुळें कोणी फारशी चिंता केली नाहीं. पुढें एका वांटेकऱ्याची जागा विकली गेली आणि नव्या मालकानें बावखलांत मातीच्या गाड्या ओतण्यास आरंभ केला. तेव्हां कागदाची आठवण झाली, व संगणक चालू करावयास जातात तों दिवाही लागेना.

मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें शेतीच्या उपयोगांतील विहीर, तळें वा पाट यांच्या पाण्यास कोणी अडथळा केल्यास तहसीलदाराकडे दाद मागतां येते. परंतु कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. त्यांतले साडेतीन महिने बोलाचालींत व समेटाच्या खटपटींत गेलेले होते. अशा घाईंत त्यांनीं संगणक एका दुरुस्तीच्या दुकानीं नेला. तेथील कारागीर म्हणाला, "फॉरमॅट मारून नवें विंडोज घालून देतों, उद्यां घेऊन जा." आमचे स्नेही होकार देण्याच्या बेतांतच होते. फॉरमॅट म्हणजे दप्तरखान्याची जुनी अनुक्रमणिका फाडून कोरी घालणें, व वर नवें विंडोज भरणें म्हणजे जुन्या कागदांच्या पाठीवर नवे लिहून काढणें. त्यानंतर कागद मिळाला तर दैवयोगच म्हणावयाचा. माझी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. शेवटचीं वर्षें सात-बारा संगणकावर चढविण्यांत गेलीं, तेवढ्यावरून ते मजकडे विचारावयास आले.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कचेरीचें दार अडकलें म्हणून आंतील दप्तर जळालें असें होत नाहीं. संगणकांत दप्तराची जागा एकच, ती हार्डडिस्क. पडदा, वीजपुरवठ्याची पेटी, मुख्य पाटी, स्मृतीच्या पट्ट्या हीं सर्व नुसतीं दारें-खिडक्या होत. म्हणून बिघाड कोठें आहे हें आधीं पाहावें. कळ दाबून पंखा फिरत नाहीं, दिवा लागत नाहीं, तर वीजपुरवठ्याचा दोष. पंखा फिरतो पण टूं टूं असा आवाज येऊन पडदा काळाच राहतो, तर बहुधा स्मृतीची पट्टी सैल झालेली असते. आपल्याकडील खाऱ्या दमट हवेंत तिच्या दांत्यांवर मळ चढतो. प्लग काढून, पट्टी उपसून, दांत्यांवर साधा खोडरबर फिरवून पुन्हा घट्ट बसविली असतां पुष्कळदां यंत्र चालूं लागतें. कंपनीचें नांव पडद्यावर येऊन पुढें विंडोज येत नसेल, तर बिघाड विंडोजमध्यें किंवा खुद्द डिस्कमध्यें समजावा.

आवाज मात्र कान देऊन ऐकावा. डिस्कमधून ठराविक अंतरानें टक्-टक् असा ठोका येत असेल, तर तत्काळ वीज बंद करावी. आंत चकत्या मिनिटास हजारों फेरे फिरत असतात व वाचणारी सुई त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ती सुई बिघडली असतां प्रत्येक वेळीं यंत्र चालू करून पाहणें म्हणजे उभ्या पिकांतून नांगर फिरविणें. डिस्कचें झांकण घरीं उघडूं नये. धुळीचा एक कण पुरे आहे. ती फ्रिजमध्यें ठेवावी असें सांगणारे भेटतात, त्यांचें ऐकूं नये. पुराच्या पाण्यांत बुडालेली डिस्क उन्हांत वा शेगडीजवळ वाळवूं नये, व "चालते का पाहूं" म्हणून वीजही देऊं नये. बहुतेक डिस्कांना हवेसाठीं एक बारीक छिद्र असतें. त्यांतून पाणी व गाळ आंत गेलेला असूं शकतो. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या तज्ज्ञाकडेच द्यावी. खर्च पुष्कळ येतो. कागदाचें मोल पाहून ठरवावें. तेथें काय साधतें याचें एक उदाहरण आहे. २००३ सालीं कोलंबिया हें अमेरिकेचें अंतराळयान परततांना फुटून नष्ट झालें. त्याच्या अवशेषांत सांपडलेल्या एका जळक्या डिस्कमधून सुमारें ९९ टक्के मजकूर वाचला गेला, व त्यावरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले.

आमच्या स्नेह्यांच्या यंत्रांत दोष साधाच निघाला. वीजपुरवठ्याची पेटी गेलेली, डिस्क निरोगी. अशा वेळीं जुनें यंत्र दुरुस्त करण्याच्या नादीं लागूं नये. प्लग काढावा, हात एकदां उघड्या लोखंडास लावावा, चार स्क्रू सोडून डिस्क बाहेर काढावी. मेजावरील संगणकाची डिस्क साडेतीन इंची, लॅपटॉपची अडीच इंची. २००५ च्या आसपासपर्यंतच्या यंत्रांत रुंद चपट्या पट्ट्याची, चाळीस टांचण्यांची जोडणी आढळते. पुढील यंत्रांत साटा नांवाची अरुंद जोडणी आली. दोहोंसही यूएसबीला जोडणारा अडॅप्टर बाजारांत मिळतो. अडीच इंचीस यूएसबीचा पांच व्होल्टचा प्रवाह सामान्यतः पुरतो. साडेतीन इंचीस बारा व्होल्टचा निराळा पुरवठा लागतोच, म्हणून अडॅप्टर घेतांना त्याबरोबर विजेचा डबा आहे ना, हें पाहून घ्यावें. आम्ही प्रथम हीच चूक केली. विजेच्या डब्यावांचून डिस्क हालेना व ती मेली असें समजून एक रात्र सर्वांनीं काळजींत काढली.

चालत्या संगणकास डिस्क जोडल्यावर दोन विघ्नें येतात. "ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी काय?" असा प्रश्न पडद्यावर आला, तर उत्तर सदैव "नाहीं". तसेंच डिस्क दुरुस्त करूं काय, या प्रश्नासही नकारच द्यावा. दुरुस्ती म्हणजे लिहिणें, आणि आपणांस तूर्त केवळ वाचावयाचें आहे. दुसरें विघ्न परवानगीचें. जुन्या मालकाच्या नांवाची पेटिका उघडण्यास नवें यंत्र हरकत घेतें. एक्सपीमध्यें ती "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" यांत, व नंतरच्या विंडोजमध्यें "युजर्स" यांत असते. आम्हीं तेथें हक्क बदलण्याचा खटाटोप केला नाहीं. पेनड्राइव्हवर उबंटू ही लिनक्स प्रणाली घेऊन तीवरून संगणक चालू केला. तींत "वापरून पाहा" व "बसवा" असे दोन पर्याय येतात, त्यांतील पहिलाच निवडावा. ती विंडोजची परवानगी न विचारतां कागद वाचूं देते. डिस्क ठीक असून केवळ विंडोज बिघडलें असेल, तर डिस्क न काढतांही याच युक्तीनें काम होतें. डिस्क अडखळत वाचत असेल तर एकेक फाइल न काढतां लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या साधनानें सबंध डिस्कची प्रतिमा घ्यावी. तें आधीं निरोगी भाग उचलतें व खराब भागाकडे मागाहून वळतें. अलीकडील लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असूं शकते. तिची ४८ अंकी किल्ली हातीं नसल्यास वरील सर्व उपाय व्यर्थ होत. ती किल्ली यंत्र चालू असतांनाच लिहून ठेवावी.

करार मिळाला. सह्या स्वच्छ, अंगठाही स्पष्ट. पण त्याशेजारीं पाळ्यांचा तक्ता टंकलेला होता, तो उघडतांच इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता कचरा दिसला. हें दुखणें खास आपलें आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा साधनांनीं टंकीत असत. फाइलींत वस्तुतः परकीं अक्षरेंच सांठविलेलीं असत व मराठी रूप त्यांना टंकाकडून मिळे. तो टंक नव्या यंत्रांत नाहीं, म्हणून मराठीही नाहीं. यास्तव जुन्या डिस्कवरून कागदांबरोबर "विंडोज" पेटिकेंतील "फॉन्ट्स" ही पेटिकाही उचलावी. टंक पुन्हा बसवितांच तक्ता वाचतां आला. नंतर तो परिवर्तकानें युनिकोडमध्यें करून घेतला, व र्‍ह, क्ष, रफार यांच्या चुका हातानें सुधारल्या.

काय वाचवावें याविषयीं एक शब्द. सात-बारा, आठ-अ यांच्या प्रतींसाठीं जीव टाकूं नये. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत अंकीय सहीचा सात-बारा मिळूं लागला आहे. जें सरकारदप्तरीं नाहीं, म्हणजे घरगुती वांटणी, पाळ्यांचे करार, पावत्या, बांधांचीं व झाडांचीं छायाचित्रें, मालाचे हिशेब, तें आधीं काढावें. आणि काम झालें म्हणून जुनी डिस्क भंगारांत देऊं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें संगणकांतील कागद पुराव्यांत द्यावयाचा तर दोन भागांचें प्रमाणपत्र लागतें. एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, व त्यांत फाइलीचें हॅश नांवाचें अंकचिन्हही नोंदावें लागतें. वकील मूळ डिस्क मागतात ती याचसाठीं.

आमच्या स्नेह्यांचा दावा मुदत संपण्यास एकोणीस दिवस उरले असतां दाखल झाला. निकाल अद्यापि लागावयाचा आहे. मातीच्या गाड्या तूर्त थांबल्या आहेत, व डिस्क कागदांत गुंडाळून, डब्यांत घालून, माळ्यावर उंच ठेविली आहे.