सगळं त्याच्या गौरवासाठी

मी नगरकडचा ख्रिस्ती, पोटासाठी पानिपतच्या ब्लँकेट गिरणीत. ‘सगळं देवाच्या गौरवासाठी’ हे लहानपणापासून तोंडपाठ. त्यातलं थोडंफार उमगलं ते इथे.

१. देवाचं माझ्या मोठेपणावाचून काही अडत नाही. हे पचायला जड गेलं. नोकरी, बढती, मुलांचे मार्क, सगळ्यावर ‘प्रभूच्या गौरवासाठी’ असा शिक्का मारायची मला भारी हौस. बढती हुकली की मात्र नेमकं कुणाचं गौरव बुडालं, ते घरच्यांना लगेच कळतं.

२. या गौरवात क्षुल्लक काही नसतं. प्रेषित पौलानं करिंथकरांना हेच वाक्य सांगताना नाव घेतलं ते खाण्यापिण्याचं. आमच्या गिरणीत परदेशातल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या ढिगापाशी बायका बसतात. रोवलेल्या पात्यावर बटणं, चेन कापून काढतात, रंग वेगळे लावतात. लालात लालच गेलं की त्यातून निघणारं सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. त्यांच्या नाकातोंडात जाणारी धूळ पाहिली की माझी लांबलचक प्रार्थना आपोआप आखूड होते.

३. ‘तुमच्या देवाला स्तुतीची एवढी भूक कशाला?’ चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्यानं विचारलं. मला ख्रिस्ती शिकवणीची १६४७ची वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरी आठवली. देवाचं गौरव करणं आणि त्याच्यात सदैव आनंद मानणं, असा माणसाचा एकच मुख्य हेतू तिथे सांगितलाय. म्हणजे भूक त्याची नाही, आपली. सहकाऱ्याला पटलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

४. गौरव म्हणजे विजय नव्हे. मराठी माणसाला पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१चा पराभव. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाच्या घटकेलाच गौरवाची घटका म्हणतो. इथल्या रणभूमीवरच्या काला अंबच्या स्मारकापाशी ते वचन आठवतं खरं. पण त्या रणात पडलेल्यांचा शोक मी कुठल्याच सिद्धांतात बसवत नाही.

५. फळ बघायला आपण असूच असं नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ मध्ये केडगावला त्या गेल्या. छापील ग्रंथ आला १९२४ मध्ये.

‘सगळं देवाच्या गौरवासाठी’ हे वाक्य उपासनेत म्हणायला सोपं आहे. तुम्ही ते एकदा हाताखालच्या माणसांच्या मजुरीच्या पत्रकावर सही करताना म्हणून पाहा. तिथे जीभ अडखळली नाही, तरच ते खरं.