कुंतीचे कुंपण

अंगणाभोवती बारमाही हिरवे, कातरून नीट बसणारे कुंपण हवे असेल तर कुंती लावा. पिकल्या लाल फळांचे बी गर धुऊन लगेच पेरावे. जुने बी उगवत नाही. पावसाच्या आरंभी शेणखताच्या चरात फुटाफुटावर रोपे लावून शेंडे खुडावेत, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. कातरताना माथा अरुंद, बूड रुंद ठेवा; नाहीतर उन्हाअभावी खालची पाने गळतात आणि नेमक्या तेथूनच कोंबड्या शिरतात.

मात्र लिंबू-मोसंबीच्या बागेजवळ कुंती नको. ती त्याच कुळातली. दर कातरणीनंतर येणाऱ्या कोवळ्या पालवीवर सिट्रस सायला ही कीड अंडी घालते, आणि हीच कीड बागेत ग्रीनिंग रोग पसरवते. त्यावर इलाज नाही. बाधलेले झाड उपटावे लागते. तेथे अडुळसा लावा. त्याला शेळ्याही तोंड लावत नाहीत.